पासष्टी गाठलेल्या

संपादकांनी विषय दिला तो असा: आपल्याकडे किती बायका म्हातारपण बघतात, ते सोपं करून लिहा.

आमच्या लोकसंख्याशास्त्रात यासाठी जीवनसारणी मांडतात. आज एक लाख मुली जन्मल्या असं धरायचं, प्रत्येक वयाचा आजचा मृत्युदर त्यांना ओळीने लावत जायचं आणि पासष्टाव्या वर्षी किती उरल्या ते पाहायचं. भारतात शेकडा पाऊणशेच्या आसपास उरतात. त्या लाख मुली कागदावरच्या असतात, हे बातमी छापणारे सांगत नाहीत. आज सत्तरीत असलेल्या आजी या आकड्यातून आलेल्या नाहीत. त्यांनी पंचावन्न-साठ सालचं बालपण आणि सत्तरच्या दशकातली बाळंतपणं काढली. १९७०–७५ मध्ये देशात पुरुषांचं सरासरी आयुर्मान ५०.५ वर्षं होतं, बायकांचं ४९. जगात बहुतेक ठिकाणी बाई पुरुषापेक्षा जास्त जगते. निसर्गाची ही देणगी आपण घरातच हिरावून घेत होतो. एक ते चार वर्षांच्या मुली मुलांपेक्षा जास्त दगावत, आणि वाचलेल्यांना पुढे बाळंतपण गाठे.

इथे एका वादाबद्दल लिहिल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. जनगणनेत बायका कमी भरत, तेव्हा अनेक जण म्हणत की प्रगणकाला घरातल्या बायका सांगतच नाहीत, म्हणून त्या मोजायच्या राहतात. लोकसंख्याशास्त्रज्ञ प्रवीण विसारिया यांनी १९६१ च्या जनगणनेचे आकडे तपासून दाखवून दिलं की नुसत्या गळतीने एवढी तफावत पडत नाही. बायका खरोखरच जास्त मरत होत्या. गळतीचं कारण सोयीचं होतं, त्यात कोणाच्याच घराला बोल लागत नव्हता. अजूनही ते ऐकलं की माझा संताप होतो.

१९८१–८५ मध्ये बायका जेमतेम पुढे सरकल्या, ५५.७ विरुद्ध ५५.४. २०१६–२० मध्ये हे आकडे ७१.४ आणि ६८.६ झाले. बाळंतपणं कमी झाली, ती दवाखान्यात होऊ लागली, लसी आल्या. आमच्याच जिल्ह्यात जामखेडला आरोळे या डॉक्टर दांपत्याने १९७० पासून गावातल्या, अक्षरओळखही नसलेल्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून उभं केलं, याचा मला फार अभिमान आहे.

जिल्ह्याला आता अहिल्याबाईंचं नाव आहे. त्या सत्तर वर्षं जगल्या, म्हणजे पूर्वीच्या बायका काटकच होत्या, असं मला ऐकवतात. पण ज्या विशीत बाळंतपणात गेल्या, त्यांची नावं कोणाला ठाऊक आहेत?

अलीकडची एक गोष्ट मनातून जात नाही. प्रवराकाठच्या बेलापुरातल्या एका ओळखीच्या आजींचा श्रावणबाळ पेन्शन योजनेचा अर्ज परत आला. योजनेला पासष्ट पूर्ण लागतात; आधार कार्डावर जन्मतारीख होती १ जानेवारी १९६२. शाळेत गेलेल्यांना गुरुजींनी १ जून तरी दिला, न गेलेल्यांच्या वाट्याला ही १ जानेवारी येते. मी त्यांच्यापाशी बसले. कोयनेचा भूकंप आठवतो का? “आठवतो की. भांडी पडली, मी परकरातच बाहेर पळाले. पुढच्या उन्हाळ्यात लगीन झालं.” आणि बहात्तरचा दुष्काळ? “थोरला अंगावर पीत होता. त्याला झोळीत टाकून खडी फोडायची. सुकडी मिळायची.” भूकंप डिसेंबर १९६७ चा. तेव्हा त्या बारा-तेरा वर्षांच्या असाव्यात, म्हणजे आज सत्तरीच्या घरात. कार्ड खरं मानलं तर त्या दहाव्या वर्षी आई झाल्या!

असं चुकलेलं वय एकीचं नसतं. शून्य आणि पाचवर संपणाऱ्या वयांवर आपल्या जनगणनेत ढीग पडतो, आणि जीवनसारणीच्या शेवटच्या ओळी याच वयांवर उभ्या असतात. म्हणून उतारवयातल्या बायकांबद्दल छातीठोक बोलणारा तज्ज्ञ मला पटत नाही.

२०२७ ची जनगणना येते आहे. दारात आलेल्या प्रगणकाने आजींचं वय कार्डावरून उतरवून घेऊ नये. दोन मिनिटं बसावं, भूकंप विचारावा, दुष्काळ विचारावा, थोरल्याचा जन्म विचारावा. आणि त्यातून निघालेलं वय पेन्शनच्या अर्जालाही चालावं.