बंबाची जाळी

कोलकात्यास थंडी कसली, असे आमचे पुण्याकडील आप्त म्हणतात. डिसेंबर-जानेवारीत हुगळीवरचे धुके फोर्ट विल्यमच्या तटापर्यंत येते, तेव्हा त्यांनी येथे एकदा पहाटे स्नान करून पाहावे. घरात गीझर आहेच. परंतु जन्मभर बंबाच्या पाण्याने न्हालेल्या आमच्या मातोश्रींना ते पाणी वरवर तापलेले वाटते. म्हणून आजोबांचे नाव कोरलेला तांब्याचा बंब दर बदलीबरोबर आमच्या मागे येतो. या खेपेस तो आला तो वाकलेली तोटी आणि दुभंगलेली जाळी घेऊनच.

तोटीचे काम चांदणी बाजारात पाव तासात झाले. अर्ध्या इंची नळाचे आटे पुण्यास तेच कोलकात्यास, इंचाला चौदा. जोसेफ व्हिटवर्थ याने १८४१ साली इंग्लंडात एकसारख्या आट्यांची योजना मांडली, तिचे हे पुण्य.

जाळीचे मात्र तसे नव्हते. बंबाच्या मधल्या नळीच्या तळाशी बसणारी ती ओतीव लोखंडाची चकती. तिच्यावर निखारे राहावेत, खालून वारा यावा आणि राख गळून पडावी. पुण्याच्या तांबट आळीत एवढे सांगण्याचीही गरज पडली नसती. येथे आधी बंब म्हणजे काय ते सांगावयाचे, मग त्याची जाळी. बंगाली गृहस्थ तो ‘उनून’ समजत, म्हणजे चूल; आणि चुलीत पाणी कशाला, या प्रश्नाशी संभाषण थांबे. किल्ल्याच्या दारात ‘बंब’ हा शब्द मोठ्याने उच्चारण्याजोगा नाही, हेही येथे नव्याने येणाऱ्यांस सांगून ठेवतो.

एकाने लोखंडी गज सांधून जाळी करून दिली. महिन्याभरात गज तापून बाकले आणि निखारे खाली येऊ लागले. तेव्हा मातोश्री म्हणाल्या, “माझ्यासाठी एवढा खटाटोप नको. मोडीत देऊन टाका.” मोडवाल्याने वजन करून भाव सांगितला, तो वाजवी होता. आजोबांच्या नावावरून त्याने बोट फिरविले, ते तांब्याची जाडी पाहण्यासाठी. त्या रात्री आमच्या घरात कोणी फारसे बोलले नाही.

दुसऱ्या रविवारी बाबूघाटावरून बोटीने हावड्यास गेलो. या गावास एके काळी पूर्वेचे शेफील्ड म्हणत. न्यूयॉर्कच्या रस्त्यांवरील गटारांची झाकणे येथल्या भट्ट्यांत ओतली जातात, तर आमच्या वीतभर चकतीस कोण नाही म्हणेल? पुष्कळांनी म्हटले. हजारांचा माल काढणाऱ्यास एका जाळीसाठी साचा घालणे परवडत नाही, आणि त्यात त्यांचा दोष नाही. अखेर बेलिलियस रोडच्या एका गल्लीत एका वृद्ध ओताऱ्याने तुटके तुकडे हाती घेतले, ते जुळवून पाहिले आणि नळीचे माप विचारले.

आम्ही शंका काढली : जुन्या जाळीवरूनच साचा घेतला, तर लोखंड निवताना शंभरास एक आकसेल, जाळी लहान होईल. तो हसला. “लहानच हवी. ओतीव लोखंड विस्तवात वर्षानुवर्षे तापून वाढत जाते. घट्ट बसविली तर एक दिवस तुमचे तांबे फाडील.” बंब त्याने जन्मात पाहिला नव्हता. मग त्याने ओलसर वाळू चाळली आणि तुकडे तीत अशा बेताने दाबले की फटीची रेघसुद्धा उमटली नाही.

त्याच सुमारास, २०२५ च्या आरंभी, फोर्ट विल्यमचे ‘विजय दुर्ग’ झाल्याचे जाहीर झाले. सेंट जॉर्जेस गेट ‘शिवाजी गेट’ झाले. १७८१ साली पुऱ्या झालेल्या इंग्रजांच्या या किल्ल्यास सिंधुदुर्ग जिल्ह्यातील मराठ्यांच्या जलदुर्गाचे नाव मिळाले. मातोश्रींनी बातमी ऐकून एवढेच विचारले, “दुर्ग आला, मग एखादा तांबट का येत नाही?”

जाळी आली, ती नळीत किंचित सैल बसली. वाळवलेल्या शहाळ्यांच्या सालींवर बंब पेटला. मातोश्रींनी पाण्यात हात घालून पाहिला आणि काही न बोलता आपले लुगडे दोरीवरून काढून घेतले.

ओताऱ्याने एका साच्याच्या श्रमात दोन जाळ्या ओतल्या होत्या. दुसरी वर्तमानपत्रात गुंडाळून बदलीच्या पेटीत तळाशी ठेवली आहे.