गॅसच्या भट्टीत पऱ्हाट्या

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावच्या घरी, अंगणातल्या उघड्या छपरीत एक गॅसची भट्टी कितीतरी दिवस गंजत पडली होती. लग्नकार्यात भात शिजविण्याकरिता कधीकाळी घेतलेली. चार पायांची लोखंडी चौकट आणि मधे बर्नर. गॅस परवडेना म्हणून ती तशीच राहिली. घरचा १४.२ किलोचा सिलिंडर स्वयंपाकापुरता. आंघोळीचे पाणी आई चुलीवरच तापवायची. फुंकणी घेऊन बसली की डोळे लाल, आणि मग दुपारपर्यंत खोकला.

आम्ही हिशेबाचे कारकून, लोहारकामातले आम्हाला काही कळत नाही. पण रॉकेट चुलीबद्दल वाचले होते. लॅरी विनियार्स्की या अमेरिकन अभियंत्याने १९८० च्या दशकात ती मांडली. धूर म्हणजे न जळालेले लाकूडच. आडव्या तोंडातून बारीक काड्या सारायच्या. त्यांची फक्त टोके जळतात. जाळ उभ्या नळीत ओढला जातो. नळीतली ऊब बाहेर जाऊ दिली नाही, तर बराचसा धूर भांड्याला लागण्याआधीच जळून जातो.

आधी बर्नर, कॉक, रबरी नळी सारे काढून टाकले. गॅसचा एकही तुकडा जाळाजवळ नको. वेल्डिंगवाला जस्ताचा पाइप स्वस्तात देत होता, तो घेतला नाही. तापल्यावर जस्ताची वाफ अपायकारक असते. साध्या लोखंडाची १० सेंटिमीटर चौरस नळी, उभा भाग ३० सेंटिमीटर, अशी काटकोनात जोडून घेतली आणि १५ किलोच्या तेलाच्या डब्यात बसवली. तोंडात एक पत्रा आडवा ठेवला. वर काड्या, खालून हवा.

चूल म्हटली की माती, या समजुतीने आम्ही डब्यात चिखल ठासला. तिथेच फसलो. अर्धा तास जाळ घातला तरी पाणी कोमटच, आणि धूर पूर्वीसारखा. माती ऊब पिऊन घेते. मग सारे खरडून त्याच चुलीची चाळलेली राख भरली. शिवाय गंज नळीच्या तोंडावर टेकल्याने जाळ कोंडत होता. तोंडाचे क्षेत्रफळ १००, कडांची बेरीज ४०, म्हणजे फट अडीच सेंटिमीटर हवी. एवढे गणित मात्र आम्हाला जमले. चौकटीला बोल्ट लावून गंज तेवढा उचलला.

दुसऱ्या दिवशी पऱ्हाट्या पेटल्या तशी नळी घुमू लागली. आई जवळ येऊन बसली. "धूर काऊन नाही रे येत, बाबू?" दोनदा विचारले तिने. धूर दिसत नसला तरी विषारी वायू असतो, म्हणून भट्टी छपरीतच ठेवली. घरात आणली नाही.

पत्नी मात्र गप्प होती. संध्याकाळी म्हणाली, "आईचे डोळे वाचले, चांगलं झालं. पण वावरातून पऱ्हाट्या डोक्यावर कोण आणते? बोटभर जाडीच्या निवडून कोण तोडते? गॅस आला तेव्हा वाटलं, मोळी सुटली."

आम्ही लांबी, रुंदी, फट सारे मोजले होते. मोळीचे वजन हिशेबात आलेच नव्हते.

तेव्हापासून भट्टी फक्त पाण्यासाठी, आणि मोळी आम्ही व मुलगा आणतो. मुलगा कुरकुरतो. मागच्या रविवारी वावरापासून घरापर्यंत आम्हाला ती दोनदा उतरवावी लागली.