दूर म्हणजे कोठून?

‘दुर्गम’ हा शब्द मोठा फसवा आहे. तो उच्चारणारा मनुष्य स्वतः कोठे उभा आहे, हे त्या शब्दातून कधीच कळत नाही. एवढी साधी गोष्ट ध्यानात येण्यासाठी आम्हांस अलास्कातील कुस्कोक्विम नदीकाठच्या एका युपिक गावात वर्ष काढावे लागले. तेथील शाळेत गणित शिकविण्याच्या निमित्ताने २०२२ च्या ऑगस्टात आम्ही गेलो, आणि घरी धाडलेल्या पहिल्याच पत्रात मोठ्या ऐटीने लिहिले की, “जगाच्या टोकाला येऊन पोहोचलो.” ते वाक्य आठवले की आता आमची आम्हांसच लाज वाटते.

तसे लिहिण्यास कारण नव्हते असे नाही. अँकरेज शहरापासून बेथेल हे तिकडचे मुख्य ठाणे सुमारे साडेसहाशे किलोमीटर दूर, आणि मध्ये सडक म्हणून नाही. बेथेलहून पुढे विमानाने जावयाचे; पण ते विमान इतके लहान की प्रवाशाचेही वजन विचारून घेतात. खाली पाहावे तो टुंड्राचा सपाट प्रदेश आणि त्यात सांडल्यासारखी असंख्य तळी. गाव चारशे वस्तीचे. दूध, पीठ, टपाल सारे विमानाने येणार. धुके पडले की काहीच येणार नाही. इंधन तेवढे उन्हाळ्यात मोठ्या पडावांतून नदीने येई. अशा ठिकाणी आलेल्या माणसाने स्वतःस धाडसी समजावे, हे मनुष्यस्वभावास धरूनच आहे.

आमची ही ऐट प्रथम उतरविली ती शेजारच्या आजीबाईंनी. भारत कोठे आहे, हे त्यांनी विचारलेच नाही. त्यांनी विचारले, “तुमच्या गावाला नदी आहे का?” आम्ही वाईचे, कृष्णेचे नाव अभिमानाने सांगितले. “घर वरच्या अंगाला, की खालच्या?” वरच्या अंगाला, आम्ही म्हणालो. त्यावर त्या सहानुभूतीने म्हणाल्या, “म्हणजे मासा तुमच्याकडे उशिरा येत असेल.” कृष्णेत सॅमन समुद्रातून चढून येत नाही, हे सांगण्याचे धैर्य आम्हांस झाले नाही. त्यांच्या हिशेबी जगात दोनच दिशा होत्या, वरची आणि खालची. आणि आमची जागा त्यांनी त्या जगात निमूटपणे मुक्रर करून टाकली होती.

नदी गोठली तेव्हा ‘सडक नाही’ या आमच्या समजुतीचाही निकाल लागला. उन्हाळ्यात जिच्यावर नावा चालत, तीच नदी थंडीत रस्ता होते. बर्फ पुरेसा जाड झाला की त्यावरचे हिम सारून शेकडो किलोमीटर वाट मोकळी करतात, आणि बेथेलच्या भाड्याच्या मोटारीसुद्धा खुशाल नदीवरून धावू लागतात. बर्फ धरतानाचे आणि फुटतानाचे काही आठवडे मात्र नावही चालत नाही आणि गाडीही नाही. तेथे ऋतूच रस्ता बांधतो आणि ऋतूच मोडतो. जानेवारीत रशियन पंथाच्या ख्रिस्ती लोकांचा नाताळ येतो, त्यास ‘स्लाविक’ म्हणतात. सजविलेली चांदणी फिरवीत, भजने गात मंडळी घरोघर जातात आणि प्रत्येक घरी सर्वांस जेवू घालतात. ज्या गावास आम्ही जगाचे टोक म्हटले, त्या गावात त्या आठवड्यात इतके पाहुणे लोटले की आमच्या वाड्यात दिवाळीलाही तेवढे येत नसतील.

परंतु त्या गावाचा खरा सण जूनमधला. समुद्रातून राजा सॅमन वर चढू लागतो, आणि कुटुंबेच्या कुटुंबे नदीकाठच्या मासेमारीच्या तळावर मुक्कामाला जातात. ‘उलुआक’ नावाच्या अर्धचंद्राकार सुरीने बायका मासा अशा चिरतात की आमच्या विळीवाल्या कोकणी आत्याने मान डोलविली असती. मग मांडवावर वाळवण आणि खोपटीत धुरी. वर्षाची बेगमी होते.

होते, असे लिहिले खरे. होत असे, असे लिहावयास हवे होते. २०१० नंतर राजा सॅमनची आवक घसरली आणि सरकारी निर्बंध आले. २०१२ च्या जूनमध्ये बंदी मोडून कित्येकांनी जाळी टाकली. वीसहून अधिक जणांवर खटले झाले. मासेमारी हा आमचा धर्म आहे, असे त्यांनी २०१३ मध्ये बेथेलच्या न्यायालयात सांगितले. श्रद्धा खरी आहे हे न्यायालयाने मानले, परंतु मासा राखण्याची निकड अधिक मानून त्यांस दोषी ठरविले. दंड मात्र हलका केला. २०२१ मध्ये चम जातीचा सॅमनही कोसळला. समुद्र आणि नदी तापल्या, असे शास्त्रज्ञ म्हणतात. बेरिंग समुद्रातल्या मोठ्या जहाजांच्या जाळ्यांत आमचा मासा मरतो, असे गावकरी म्हणतात. आजीबाईंचे म्हणणे तिसरेच होते. मासा आपण होऊन माणसाच्या स्वाधीन होतो. त्याच्यावरून भांडणे लागली की तो पाठ फिरवितो.

२०२३ च्या जूनमध्ये मोजक्या दिवशी, मोजक्या तासांपुरती जाळी टाकण्याची मुभा होती. अर्धे मांडव रिकामे राहिले. त्या दिवसांत गावच्या दुकानात आम्ही आजीबाईंस डबाबंद मांसाची किंमत निरखीत उभे राहिलेले पाहिले, आणि आमच्या मनात लख्ख उजेड पडला. अन्न दारातून वाहत होते, तोवर हे गाव कशापासूनही दूर नव्हते. ते अन्न विमानातून यावयाचे ठरले, त्या दिवशी ते प्रथमच दुर्गम झाले.

२०२५ च्या ऑक्टोबरात हालोंग वादळाच्या उरल्यासुरल्या जोराने नदीच्या मुखाकडची किपनुक आणि क्विगिलिंगोक ही समुद्रालगतची गावे उद्ध्वस्त केली, आणि त्या भागातील शेकडो माणसांस विमानांनी अँकरेजला नेले. तेथे सडका आहेत, रुग्णालये आहेत, दुकाने आहेत. त्या शहरातील खोलीत बसलेल्या म्हाताऱ्या माणसांस कोणी विचारावे, की आज आपण दूर आहात की जवळ.

आम्ही निघालो त्या सकाळी आजीबाई धावपट्टीवर आल्या होत्या. त्यांनी धुरी दिलेल्या सॅमनच्या चार पट्ट्या कागदात गुंडाळून आमच्या हाती ठेवल्या. त्या वर्षी त्यांच्या खोपटीत किती थोड्या होत्या हे आम्ही डोळ्यांनी पाहिले होते; म्हणून आम्ही नको म्हणू लागलो. त्यांनी आमचा हात मिटविला आणि म्हणाल्या, “घेऊन जा. तुमचे घर वरच्या अंगाला. तिथवर मासा पोहोचला नसेल.”