बागेखालचे पाणी

गेल्या वर्षी शाळेत शिक्षकांच्या खोलीत एका सहलीचे माहितीपत्रक हातोहात फिरत होते. दहा दिवसांत मोरोक्को आणि दक्षिण स्पेन. माराकेश, फेज, कॉर्डोबा, ग्रॅनाडा. उर्दू शिकवणाऱ्या माणसाला अंदलुसचे नाव नवे नसते. अल्लामा इक्बाल यांची ‘मस्जिद-ए-कुर्तुबा’ वाचूनच आमच्या पिढीने कॉर्डोबा पाहिले. पण पाच माणसांचा हिशेब मांडला तेव्हा तो मुलीच्या कॉलेजच्या सगळ्या फीच्या पुढे गेला. आम्ही पत्रक घडी घालून ठेवले. मुलीने मात्र त्यातले सिंहांच्या चौकाचे चित्र कापून कपाटाच्या दारावर चिकटवले. तिला आर्किटेक्चरला जायचे आहे. ती म्हणाली, “अब्बा, हे नाही तर नाही. पण असलं आपल्या जवळ काय आहे?”

डिलाईल रोडला राहणाऱ्याने बाग, चौक, कारंजे यांविषयी बोलावे हे थोडे नवलाचेच. पण त्याच सुमारास आमच्या जुन्या चाळीच्या पुनर्विकासाचा नकाशा घरोघर वाटला गेला होता, आणि त्यात ‘उद्यान’ असे लिहिलेला एक हिरवा चौकोन सहाव्या मजल्यावर, गाड्यांच्या छताच्या वर दाखवला होता. चाळीच्या मधल्या चौकात एक विहीर आहे. नकाशात तिच्या जागी गाड्यांचा उतार होता. अम्मीने चष्मा लावून नकाशा पाहिला आणि एवढेच विचारले, “विहीर कुठं गेली?” आमच्याकडे उत्तर नव्हते.

दिवाळीच्या सुटीत दादरहून रात्रीच्या देवगिरी एक्सप्रेसने निघालो. आम्ही दोघे, मुलगी, मुलगा आणि अम्मी. शहराचे नाव आता छत्रपती संभाजीनगर आहे. अम्मीच्या तोंडी ते अजून औरंगाबादच आहे, आणि या लेखातही जुन्या काळाविषयी बोलताना तेच येईल.

जाण्याआधी घरी शब्दांचा खेळ झाला, तो सांगितल्याशिवाय राहवत नाही. माराकेशला ज्याला रियाद म्हणतात ते मधोमध बाग आणि हौद असलेले घर. रियाद हे ‘रौजा’चे अनेकवचन, आणि रौजा म्हणजे मुळात बाग. आपण रौजा म्हटले की बुजुर्गांची कबर डोळ्यांपुढे येते. खुलताबादचे जुने नाव तर नुसते रौजा. स्पेनमध्ये शेताच्या पाटाला आजही असेकिया म्हणतात. तो अरबी साकिया, म्हणजे पाणी पाजणारी. उर्दू शायरीतला साकी तिचा सख्खा भाऊ. आणि आपला मराठी हौद कुठून आला? हौजमधून. पाचशे वर्षांपूर्वी ग्रॅनाडा गेले, पण पाण्याचे शब्द तिथेही राहिले आणि इथेही.

पहिल्या दिवशी बीबी का मकबरा. दिलरस बानू बेगम, म्हणजे राबिया-उद-दौरानी, औरंगजेबाची पहिली बेगम. तिचे निधन १६५७ मध्ये झाले. या इमारतीला ‘गरिबांचा ताज’ म्हणून हिणवायची लोकांना सवय आहे. आम्हाला ते पटत नाही. ताजशी तुलना सोडून दिली की इथली बाग नीट दिसते. भिंतीच्या आतले आवार सुमारे ४५८ मीटर लांब आणि २७५ मीटर रुंद. एका बाजूला प्रवेशद्वार, उरलेल्या तीन भिंतींच्या मध्यावर बारादऱ्या, आणि दारापासून मकबऱ्यापर्यंत सरळ गेलेला पाण्याचा पट्टा. वास्तुकार अताउल्लाह आणि स्थापत्य अभियंता हंसपतराय, ही दोन नावे तिथेच कोरलेली आहेत. अताउल्लाह हे ताजमहालाच्या उस्ताद अहमद लाहोरींचे चिरंजीव. खर्चाचा जुना आकडा ६,६८,२०३ रुपये ७ आणे. आमच्या मुलाला सर्वांत जास्त आवडले ते हे सात आणे.

आत कबर खालच्या पातळीवर आहे, भोवती अष्टकोनी संगमरवरी जाळी, आणि आपण वरून वाकून पाहतो. अम्मीने फातिहा पढली. बाहेर आलो तर कारंजी बंद होती. पट्ट्यात तळाशी थोडे हिरवे पाणी. हिरवळ कापलेली, रोपे नीट, तरीही काहीतरी नव्हते. कुरआनात जन्नतीच्या बागांचे वर्णन येते तेव्हा त्यांच्याखालून वाहणाऱ्या नद्यांचा उल्लेख पुन्हा पुन्हा येतो. आमच्या मते चारबाग बांधणाऱ्यांनी ते मनावर घेतले होते. तिथे झाडे दुय्यम होती. चार भाग पाडायचे ते पाण्याने पाडायचे. पाणी थांबले की उरते ती चांगली राखलेली हिरवळ, फोटो काढण्यापुरती.

दुसरा दिवस पाणचक्कीचा, आणि खरे सांगायचे तर आमची सगळी सहल तीच होती.

सतराव्या शतकात मध्य आशियातून बाबा शाह मुसाफिर आणि त्यांचे पीर बाबा पलंगपोश हे नक्शबंदी बुजुर्ग दख्खनेत आले. दोघांच्या कबरी इथेच आहेत. खाम नदीच्या काठी त्यांचा तकिया होता. तिथे फकीर, विद्यार्थी, वाटसरू येत आणि सर्वांना जेवण लागे. जेवणाला पीठ, पिठाला चक्की, चक्कीला पाणी. म्हणून शहराच्या उत्तरेच्या डोंगरांतून सहा-आठ किलोमीटर खापरी नळांनी जमिनीखालून पाणी आणले. ते एका उंच भिंतीत वर चढते. मुलाने विचारले, “पाणी वर कसं चढतं? पंप कुठाय?” पंप नाही. उगम भिंतीच्या माथ्यापेक्षा उंचावर आहे, त्यामुळे बंद नळातले पाणी आपोआप त्या उंचीकडे धाव घेते. मग भिंतीच्या वरून ते हौदात कोसळते, आणि तेच पाणी चक्कीचे पाते फिरवते. आम्ही गेलो तेव्हा ते पडत होते आणि पाते फिरत होते. हौदात मासे होते.

पण खरी गंमत हौदाखाली आहे. हौदाचा तळ हेच खालच्या मोठ्या दालनाचे छत आहे. डोक्यावर पाणी, खाली खांबांची रांग आणि अंगाला लागणारा गारवा. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात वाटसरूला असा निवारा म्हणजे काय, हे ज्याने मे महिन्यात तिथे पाय ठेवला असेल त्याला सांगायला नको. तेच पाणी पीठ दळते, वजूला मिळते, छत थंड ठेवते आणि मग नदीला जाते. कारंजी त्या मानाने नंतरची. जमील बेग खान यांनी हौद वाढवला आणि कारंजी बसवली असे सांगतात. आधी भाकरी, मग शोभा, हा क्रम आम्हाला फार आवडला.

जोहरची नमाज तिथल्या मशिदीत झाली. अम्मी हौदाच्या कडेला बसून राहिली. परत येऊन पाहतो तर ती शेजारच्या एका वयस्कर गृहस्थाला विचारत होती, “चाचा, हे पाणी कुणी बंद करायचं म्हटलं तर करता येतं का?” चाचा हसले. म्हणाले, “अम्मा, बंद करायला कुणी लागत नाही. साफ करायला लागतं. नळ गाळानं भरला की आपोआप बंद.”

हे वाक्य आम्ही मुलीच्या वहीत लिहून घेतले. या शहराला पाण्याची ही विद्या दिली मलिक अंबरने. हबशी, म्हणजे आजच्या इथिओपियातला मुलगा, गुलाम म्हणून बाजारातून बाजारात विकला गेला, शेवटी दख्खनेत निजामशाहीचा पेशवा चंगेज खान याच्या पदरी आला आणि पुढे स्वतः निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला. १६१० च्या सुमारास त्याने खडकी वसवली, आणि डोंगरातून जमिनीखालून आणलेली नहर-ए-अंबरी शहरात खेळवली. तीच खडकी पुढे औरंगाबाद झाली. त्याच पद्धतीच्या आणखी नहरी नंतर निघाल्या; पाणचक्कीची त्यांतलीच एक. तिकडे माराकेशच्या जुन्या बागांना पाणी पोचवणारे खेत्तारे हेही जमिनीखालचेच बोगदे. अल्हम्राचे पाणी दारो नदीच्या वरच्या अंगाला अडवून सुमारे सहा किलोमीटर पाटाने टेकडीवर आणलेले. सिंहांच्या चौकात बारा सिंह पाणी ओकतात ते पाहायला जग लोटते, आणि त्या पाटाकडे कितीजण जात असतील? आमच्या कपाटावरच्या चित्रातही पाट नाहीच.

मलिक अंबर १६२६ मध्ये गेला. खुलताबादला त्याची कबर आहे. आम्ही उभ्या उभ्या दुआ करून आलो. औरंगजेबाची कबर तिथेच, शेख जैनुद्दीन यांच्या दर्ग्याच्या आवारात, उघड्या आकाशाखाली आहे. त्या कबरीवरून बाहेर बराच गलका होतो. त्यात आम्हाला पडायचे नाही. आम्ही पाण्याच्या मागे होतो.

परतताना बसने नगरला, आजच्या अहिल्यानगरला, उतरलो. फराहबाग म्हणजे तलावाच्या मधोमध उभा केलेला अष्टकोनी दुमजली महाल. निजामशाहीचा वजीर सलाबत खान याने तो १५८३ मध्ये पूर्ण केला. त्यालाही दूरवरून खापरी नळांनी पाणी आणले होते. आता तलाव कोरडा आहे. महाल पडका, भोवती गवत, मधोमध चालत जाता येते. मुलगी आत शिरून वर पाहत राहिली. घुमटाखाली आवाज घुमतो म्हणून मुलाने दोन-तीनदा हाक मारून पाहिली. अम्मी बाहेरच बसली. “पाणी गेलं की घर पण जातं,” एवढेच ती म्हणाली, आणि पिशवीतून सगळ्यांना चिवडा दिला.

एक फरक आमच्या मनात घोळत होता, तो बरोबर की चूक हे वाचकांनी ठरवावे. फराहबागेचे पाणी सुलतानाच्या आनंदाचे होते. सुलतान गेला, पाणी गेले. पाणचक्कीचे पाणी ज्यांच्या पोटापाण्याचे होते ती माणसे येत राहिली, जागा वक्फची राहिली, आणि नळ साफ करायला कुणीतरी उतरत राहिले. आपल्याकडे हे नवे नाही. मदिनेत गोड्या पाण्याची रूमाची विहीर हजरत उस्मान (रजि.) यांनी मोल देऊन घेतली आणि सर्वांसाठी खुली केली, ही गोष्ट आपण मुलांना लहानपणीच सांगतो. राज्याच्या वक्फ मंडळाचे कार्यालय पाणचक्कीच्याच आवारात आहे. तिथून रोज ये-जा करणाऱ्यांना ते पाणी पडताना ऐकू येत असेल, अशी आमची आशा.

मुंबईला परतलो तेव्हा आमची विहीर आम्हाला वेगळी दिसायला लागली. ती काही देखणी नाही. काळ्या दगडाचा कठडा, वर लोखंडी जाळी. शंभर वर्षांपूर्वी मुंबईत विहिरींचे वाईट दिवस होते. १९११ मध्ये डॉ. बेंटली यांनी शहरातल्या हिवतापाचा अहवाल दिला. डास घरगुती विहिरींत वाढतात हे त्यातून पुढे आले, आणि मग शहरातल्या अनेक विहिरी बुजल्या किंवा झाकल्या गेल्या. आमची जाळीखाली वाचली. नळाचे पाणी तासभर येते. कपडे, फरशी, संडास यांना विहिरीवरची मोटर आहे. मोहर्रमच्या दहाव्या दिवशी सबील तिच्या कठड्याशी लागते. समोरच्या खोलीतल्या मावशी गौरी आणायला वाजतगाजत तिथेच जातात. त्यांच्या गावी पाणवठ्यावरून आणत, इथे पाणवठा हाच. संध्याकाळी म्हाताऱ्या बायका तिथे बसतात. आमच्या चाळीचा रियाद म्हणा हवे तर.

पुनर्विकासाला आमचा विरोध नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. पावसाळ्यात जिन्याचे कठडे हलतात. घरात स्वतःचा संडास हवा, असे अम्मीलाही वाटते. तिचे गुडघे आता रात्री व्हरांड्याच्या टोकापर्यंत चालत नाहीत. प्रश्न एवढाच की चौकाचे काय करायचे. जानेवारीच्या बैठकीत अम्मी प्रथमच उठून बोलली. तिने पाणचक्कीचे सांगितले. काही तरुण हसले. मग मावशी उठल्या आणि म्हणाल्या, “भाभी बरोबर बोलतात. सहाव्या मजल्यावर मी गौर कुठनं आणू? लिफ्टमधनं?” तेव्हा हसणारे वेगळे होते.

नकाशा करणाऱ्यांचे म्हणणे असे की उतार सरकवता येईल, विहीर राखता येईल, पण गाड्यांच्या सहा जागा कमी होतील. त्या कुणाच्या कमी करायच्या यावर गेले चार महिने चर्चा चालू आहे. चव्वेचाळीस खोल्यांपैकी एकवीस जणांनी आमच्या अर्जावर सह्या केल्या आहेत. आम्ही तो मराठीत लिहिला आणि वरच्या मजल्यावरच्या दोन वयस्कर मंडळींसाठी उर्दूत उतरवून दिला. अर्जाची एक प्रत सोसायटीच्या फलकावर लावली आहे. तिच्याखाली कुणीतरी पेन्सिलीने लिहिले आहे, ‘गाळ कोण काढणार?’ प्रश्न योग्य आहे. मुलाने आणि मावशींच्या नातवाने आपली नावे त्याच्याखाली लिहिली आहेत.

मुलीने मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी जाळीतून दोरीला दगड बांधून सोडला आणि मोजले. ऐन उन्हाळ्यात पाणी कठड्यापासून अकरा फुटांवर होते, आणि त्याखाली तळापर्यंत आणखी एकोणीस फूट. हे दोन्ही आकडे तिने अर्जाला जोडलेल्या नकाशात लाल शाईने भरले आहेत.