सर्व्हरला हात लावण्याआधी

मंडळाच्या कार्यक्रमात कुणी ना कुणी विचारतंच, "तू नक्की काय करतोस रे?" 'सर्व्हर सांभाळतो' एवढ्या उत्तरानं कुणाचं समाधान होत नाही. आपल्याकडची बरीच मुलं आता याच कामात येत आहेत, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

लोकांचं रोजचं काम ज्यावर चालतं तो प्रॉडक्शन सर्व्हर. माझ्याकडच्या सर्व्हरवर एका हॉस्पिटलच्या लॅबचे रिपोर्ट असतात. रात्री दोनला आयसीयूतल्या डॉक्टरांना एखाद्या पेशंटचं पोटॅशियम बघायचं असतं. तेव्हा स्क्रीन बंद असून चालत नाही.

मग अपडेट करूच नये? 'चालतंय ना, हात कशाला लावायचा' म्हणणारे पुष्कळ भेटतात. चारशे दिवस रीबूट केलं नाही, हेही कौतुकानं सांगतात. लिनक्सचा नवा कर्नल साधारणपणे रीबूटनंतरच लागू होतो, म्हणजे जुनी भोकं चारशे दिवस उघडी! मार्च २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टनं विंडोजमधली एक फट बुजवणारा पॅच दिला. १२ मे रोजी वॉनाक्राय त्याच फटीतून जगभर शिरला. ब्रिटनच्या सरकारी दवाखान्यांत शस्त्रक्रियासुद्धा रद्द झाल्या. औषध दोन महिने आधीच आलेलं होतं.

उलट बाजू आपल्या हैदराबादेतही दिसली. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइकची एक सदोष फाइल एकदमच सगळीकडे गेली आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे ८५ लाख विंडोज मशिन्स कोलमडली. शमशाबाद विमानतळावर पेनानं लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. कंपनीनं फाइल दीड तासाच्या आत मागे घेतली, पण बंद पडलेली मशिन्स बहुतेक ठिकाणी एकेक करून हातानंच दुरुस्त करावी लागली. अनेकांनी मुद्दाम एक आवृत्ती मागे राहायचं ठरवलं होतं. या फाइलला तो नियम लागूच नव्हता. त्यामुळे 'आपोआप काय काय येतं' याची यादी मी आधी काढतो.

शितावरून भाताची परीक्षा, ही आजीची रीत मला इथे सर्वांत उपयोगी वाटते. सुरक्षेचे पॅच आले की त्याच दिवशी चाचणीच्या मशिनवर. दुसऱ्या दिवशी दोनपैकी एका सर्व्हरवर. तेवढा वेळ सगळा भार दुसरा उचलतो. दिवसभर लक्ष ठेवायचं, मग दुसरा. त्या फटीतून हल्ले सुरू झाल्याची बातमी असेल, तर हेच सगळं काही तासांत उरकतो. डेबियन स्टेबलमध्ये सहसा आवृत्ती न बदलता फक्त दुरुस्ती येते, म्हणून मला ते सोयीचं पडतं. डेटाबेसची नवी मोठी आवृत्ती मात्र महिनोन् महिने थांबू शकते. तिथे मागे फिरणं अवघड, म्हणून आधी बॅकअप दुसऱ्या मशिनवर खरोखर उतरवून, त्यातले रिपोर्ट उघडून बघतो. नुसती 'बॅकअप यशस्वी' अशी ईमेल मी धरत नाही. आणि शुक्रवारी संध्याकाळी काहीही नाही.

वेळ मात्र लॅबच्या ताईंनी ठरवून दिली आहे. पाचपासून आयसीयूचे सकाळचे नमुने यायला लागतात, म्हणून पहाटे साडेतीन. तेवढ्यापुरती त्या अर्जंट रिपोर्टांची छापील प्रत काढून ठेवतात. उद्या दुसऱ्या सर्व्हरची पाळी आहे.