एका नगाचं काम

फियाट ११०० चं इंजिन तसं लहानखुरं. चार सिलिंडर, प्रत्येकाचा बोअर ६८ मिलिमीटर, स्ट्रोक ७५, सगळं मिळून १०८९ सीसी. ब्लॉक बिडाचा, हेड अ‍ॅल्युमिनियमचं. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये काढलेल्या प्रीमियर कंपनीनं कुर्ल्यात ही गाडी वर्षानुवर्षं बनवली. तिचीच पुढची पद्मिनी काळीपिवळी टॅक्सी होऊन ऑक्टोबर २०२३ पर्यंत मुंबईत धावत होती. माझ्या मामांची फियाट आता माझ्याकडे, माणमध्ये आहे. तिच्या ब्लॉकवरचा नंबर आरसीवरही आहे, आणि त्या नंबराशी माझं लहानपण बांधलेलं आहे. इंजिन झिजलं होतं, पण दुसरा ब्लॉक आणून बसवणं मला मान्य नव्हतं. याच बिडाला पुन्हा उभं करणारा माणूस हवा होता.

माण म्हणजे हिंजवडीचा तिसरा टप्पा. पश्चिमेला मुळशीचे डोंगर, उरलीसुरली भातखाचरं, आणि त्यांच्या शेजारी मेट्रोचा डेपो. इथल्या काचेच्या इमारतींत गाड्यांचे भाग पडद्यावर आखले जातात. वाकड ओलांडून पिंपरीकडे गेलं, नाशिक फाट्यावरून भोसरीला वळलं, की ते प्रत्यक्षात कापणारी माणसं भेटू लागतात. १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली. पिंपरीत टेल्को आली, आकुर्डीत बजाज, आणि त्या मोठ्या झाडांच्या सावलीत भोसरी-चिंचवडचे हजारो गाळे रुजले. प्रीमियरचाही चिंचवडला कारखाना होता, तिथे दातेरी चाकं कापणारी यंत्रं बनत. पुढे चाकण उभं राहिलं. धातू कापण्याचं एवढं ज्ञान देशात फार थोड्या ठिकाणी एकवटलं असेल. इथे ब्लॉक घेऊन फिरताना मला या मुलखाचा अभिमान वाटत होता, आणि अजूनही वाटतो.

पण इथे पहिला प्रश्न येतो, ‘किती नग?’

‘एक’ म्हटलं की समोरचा माणूस चहा मागवतो आणि नम्रपणे नाही म्हणतो. त्यात त्याचा काही दोष नाही. व्हीएमसीवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मिलिंग मशीनवर, जॉब लावायचा तर आधी फिक्श्चर हवं, मग प्रोग्रॅम, मग सेटिंग. पहिला नग तपासून पास होईपर्यंत अर्धी पाळी निघून जाते. तो खर्च पुढच्या शेकडो नगांवर वाटला जातो, तेव्हा कुठे धंदा परवडतो. शिवाय त्याची मशीन नव्या ओतीव ब्लॉकसाठी मांडलेली असते. नवा ब्लॉक दुसऱ्या नव्या ब्लॉकसारखाच असतो. पन्नास वर्षं धावलेला ब्लॉक मात्र फक्त स्वतःसारखा असतो. तो कुठे झिजला, कुठे वाकला, हे कुठल्याच ड्रॉइंगवर सापडत नाही.

सिलिंडर झिजतो तो सगळीकडून सारखा झिजत नाही. वरची रिंग जिथून माघारी वळते तिथे उष्णता सर्वांत जास्त आणि तेल सर्वांत कमी. तिथे बोअर खोलवर खाल्ला जातो आणि त्याच्या वर न झिजलेली एक कड उरते. पिस्टन क्रँकच्या काटकोनात भिंतीवर रेलतो, म्हणून गोल हळूहळू लांबट होतो. हे कळायला बोअर गेज आत सोडून तीन उंचींवर, प्रत्येक उंचीवर दोन दिशांनी माप घ्यावं लागतं. चार सिलिंडरांची चोवीस मापं. मी शॉप निवडलं ते या चोवीस मापांवरून. बोअरमध्ये बोट फिरवून ‘होऊन जाईल’ म्हणणाऱ्यांकडून मी ब्लॉक परत उचलला. त्यांचा हात चांगलाही असेल. पण बिडातून एकदा काढलेला कीस परत चिकटवता येत नाही, आणि मला तेवढा एकच ब्लॉक होता.

एमआयडीसीची सुट्टी गुरुवारी, माझी शनिवार-रविवारी, त्यामुळे शनिवार सकाळ हीच माझी शोधाची वेळ. भोसरीतल्या एका अरुंद गाळ्यात शेवटी ते काका भेटले. टेल्कोत अप्रेंटिस म्हणून शिकलेले, मग स्वतःचा गाळा. किर्लोस्करांचं एक लेथ, उभं बोअरिंग मशीन, होनिंगचं मशीन, आणि भिंतीवर खंडेनवमीच्या झेंडूची वाळलेली माळ. ब्लॉककडे नीट पाहण्याआधीच त्यांनी विचारलं, “साहेब, पिस्टन आणलेत?”

मी म्हटलं, “काका, आधी बोअर करून घेऊ, मग त्या मापाचे आणतो.”

“आधी पिस्टन. पिस्टन मोजल्याशिवाय मी टूल लावत नाही. डब्यावर चाळीस लिहिलंय म्हणून चारही चाळीसच असतात असं नाही.”

त्या वाक्यात मला हवं ते सगळं होतं. नाना पेठेतून ०.४ मिलिमीटर ओव्हरसाइझचे पिस्टन मिळाले. काकांनी चारही मायक्रोमीटरवर मोजले, त्यांच्यावर खडूनं आकडे घातले आणि ठरवलं की पहिला बोअर पहिल्या पिस्टनचा, दुसरा दुसऱ्याचा. ब्लॉक मात्र त्या दिवशी मशीनवर चढला नाही. टेम्पोत तापून आला होता. रात्रभर गाळ्यातच राहू द्या म्हणाले. घरी येऊन मी हिशेब केला. तापमान वीस अंशांनी वाढलं तर ६८ मिलिमीटरचा बिडाचा बोअर सुमारे पंधरा मायक्रॉननी फुगतो, आणि अ‍ॅल्युमिनियमचा पिस्टन त्याच्या जवळपास दुप्पट. ज्या कामात मिलिमीटरच्या शंभराव्या भागाला किंमत आहे, तिथे ही चूक पिस्टन अडकायला पुरेशी ठरते. काकांनी हे आकडे कधी मांडले नसावेत. त्यांना ते तळहातानं माहीत होतं.

हेड त्यांनी वेगळं ठेवायला लावलं. पुष्कळ ठिकाणी इंजिन उघडलं की सगळे भाग कॉस्टिकच्या गरम टाकीत सोडतात. बिडाला त्यानं काही होत नाही, अ‍ॅल्युमिनियमला मात्र कॉस्टिक खातं. फियाटचं हेड अशा टाकीत गेलं की त्याचा सपाट चेहरा गेला. व्हॉल्व्हच्या सीटांविषयीही त्यांचा आग्रह होता. भारतात फेब्रुवारी २००० पासून शिसं घातलेलं पेट्रोल बंद झालं; ते शिसं सीटांवर बसून त्यांचं रक्षण करत असे. म्हणून आता कडक सीटा बसवायच्या. क्रँकच्या बाबतीत तर त्यांनी मला ग्राइंडिंगवाल्याकडे स्वतः पाठवलं आणि एकच निरोप दिला: जर्नल जिथे भिंतीला मिळतं तिथली गोलाई जपा. घाईत तिथे काटकोन काढला तर क्रँक मापात बसतो, छान चकाकतो आणि काही हजार किलोमीटरनंतर नेमका त्या कोपऱ्यातून तडकतो.

बोअरिंग सुरू झालं तेव्हा मी जवळ उभा होतो. पोलादाचा कीस वेटोळ्यांनी निघतो. बीड काळसर भुकटी होऊन झिरपतं. त्या भुकटीत घाटातले सगळे प्रवास होते, मामांचे आणि आमचे. शेवटचा थोडा भाग बोअरिंगनं न काढता होनिंगसाठी राखला. ब्लॉकवर हेडच्या जागी एक जाड प्लेट बोल्टांनी आवळली होती, कारण हेड आवळलं की बोअर किंचित विस्कटतो; आवळलेल्या अवस्थेतच तो गोल करायचा. होनिंगच्या दगडांनी भिंतीवर तिरप्या रेघांची जाळी उमटली. त्या जाळीत तेल थांबतं, रिंगा त्याच्यावर बसतात. मग धुणं. केरोसीननं तेल निघतं, दगडाची भुकटी रेघांतच राहते; तिला साबणाचं गरम पाणीच लागतं. पांढरं फडकं बोअरमधून फिरवायचं आणि करडा डाग उमटेनासा होईपर्यंत पुन्हा धुवायचं. काकांनी ते काम गाळ्यातल्या पोराकडे न देता स्वतः केलं.

या गाळ्यांची मला काळजी वाटते. कुदळवाडीत जुने सुटे भाग शोधायला लोक जायचे. फेब्रुवारी २०२५ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेनं तिथली हजारो बांधकामं पाडली. जुनी बोअरिंग मशीनं भंगाराच्या भावानं विकली जातात. मशीन पुन्हा बनवता येईल. ब्लॉक रात्रभर थंड होऊ द्यायचा, हे सांगणारा माणूस मशीनबरोबर येत नाही. ज्या पट्ट्यात एका पाळीत हजारो नग कापले जातात, तिथे एका नगाचं काम जाणणारी माणसंही शिल्लक राहिली पाहिजेत, असं मला मनापासून वाटतं. जुन्या गाड्यांपुरतं हे मर्यादित नाही. शेतकऱ्याच्या पंपाचा जुना इंजिन ब्लॉक, गिरणीचा झिजलेला शाफ्ट, यांनाही असाच माणूस लागतो.

काकांनी काम संपल्यावर वहीत चारही बोअरची शेवटची मापं लिहिली आणि एक प्रत मला दिली. या ब्लॉकमधून आणखी एक-दोन साइझ निघतील म्हणाले, मग स्लीव्ह घालून पुन्हा मूळच्या ६८ वर यायचं. माझी पुतणी पॉलिटेक्निकमध्ये मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे. शनिवारी तिला पाठवलं तर चालेल का, असं मी विचारलं. काकांनी बोअर गेज पुसून पेटीत ठेवलं.

“पाठवा. पण पहिले सहा महिने फक्त मापं घ्यायची. तिनं काढलेलं माप आणि माझं माप जुळायला लागलं, की मशीनला हात लावू दे.”