बाळामागं किती?

मँचेस्टरला येण्याआधी माझा बायोडाटा एका एजंटानं दुरुस्त केला. खासगी दवाखान्यातली दोन वर्षं वर गेली आणि नांदूरघाटच्या आसपास उपकेंद्रांवर कंत्राटी सिस्टर म्हणून काढलेली सात वर्षं खाली एका ओळीत बसली. "मॅडम, तिकडं वॉर्डाचं विचारतात. खेड्यात लस टोचलेली कोण विचारतंय?" मलाही पटलं. जीएनएमचा कोर्स करतानाच डोक्यात बसलेलं असतं, की खरी नर्सिंग आयसीयूतली. बाकी नुसतं रजिस्टर भरणं.

इथं परीक्षा दिल्या, वॉर्ड मिळाला. काम चांगलं होतं. पण पेशंट बरा होऊन गेला की त्याच्या घरात चूल कशी आहे, पाणी कुठून येतं, काही कळायचं नाही. मला ती सवय नव्हती.

मग वॉर्डातली एक मैत्रीण हेल्थ व्हिजिटर व्हायला निघाली, तेव्हा कळलं. इथल्या नर्सिंग कौन्सिलच्या रजिस्टरात नर्स आणि सुईण यांच्यापलीकडे 2004 पासून सार्वजनिक आरोग्यवाल्या नर्सेसचा वेगळा भाग आहे. नोंदणी झालेल्या नर्सनं वर्षभराचा कोर्स करायचा, मग घरोघरी लहान मुलं बघायची. आणि ह्या कामाचं मूळ इथंच, मँचेस्टर-सॅल्फर्डमध्ये. 1862 मध्ये इथल्या बायकांच्या एका संस्थेनं गरीब वस्तीत घरोघर जायला पगारी बाई ठेवली. आमच्या गावोगावच्या आशाताईची खापरपणजीच म्हणा.

मीही त्या कोर्सला अर्ज केला. मुलाखतीत विचारलं, एखाद्या कुटुंबाची लस चुकत होती तेव्हा काय केलंत?

मी फाट्यावरची पहाट सांगितली. दसरा झाला की आमच्याकडच्या ऊसतोड टोळ्या निघतात. एका बाळाचा दहा आठवड्यांचा डोस राहिलेला. पाचला व्हॅक्सिन कॅरिअर घेऊन उभी राहिले. ट्रॉलीत पत्र्याची पेटी, सरपण, शेळी, वर बायका. पेंटाव्हॅलंट मांडीत, पोलिओचे थेंब तोंडात. रिअ‍ॅक्शन येते का बघायला अर्धा तास ट्रॅक्टर थांबवला आणि मुकादमाच्या शिव्या खाल्ल्या. पुढची तारीख लाल पेनानं लिहिली, कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून पिठाच्या डब्यात ठेवायला लावलं. ऊसतोडीच्या कोपीत पिशव्या हरवतात, पिठाचा डबा हरवत नाही.

समोरच्या बाईंनी पेन खाली ठेवलं. एजंटाची ती एक ओळ अर्धा तास पुरली.

आता मी हेल्थ व्हिजिटर म्हणून बाळाच्या घरी जाते ती जन्मानंतर साधारण दहाव्या ते चौदाव्या दिवशी. परवा गावाकडच्या आशाताईंचा फोन आला.

"सिस्टर, आम्ही तिसऱ्या दिवशी जातो. तुमच्याकडं तवर कोण बघतं?"

"तोवर सुईण येते, ताई."

त्यांना बरं वाटलं. आपल्याकडं दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईच्या घरी बेचाळीस दिवसांत सहा फेऱ्या. ही पद्धत गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च'नं घडवली, मग देशभर गेली. त्या सगळ्या फेऱ्यांचे मिळून आशाताईंना अडीचशे रुपये.

"आन् तुमाला एका बाळामागं किती देतेत?"

"बाळामागं नाही, ताई. महिन्याचा पगार."

पलीकडं थोडा वेळ आवाज नाही.

"म्हंजी बाळ नसलं तरी?"